फोटोत जोडी पाहिजे

आमच्या भाटव्यांना एका जागी स्वस्थ उभे असलेले पाहिलेला माणूस चंद्रपूर आणि गडचिरोली असे दोन्ही जिल्हे धुंडाळले तरी सापडायचा नाही. भाटवे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूल गावात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. तिथे गिऱ्हाइकांसाठी तीन खुर्च्या आहेत, मालकासाठी एकही नाही, कारण मालकाला ती लागत नाही. ते उभ्याने जेवतात. पेपर चालत चालत वाचतात आणि अग्रलेखापर्यंत येईस्तोवर पार गावाबाहेर पोचलेले असतात. एसटीत बसले तर दर थांब्यावर खाली उतरतात. एकदा माझ्याकडे गडचिरोलीला यायला निघाले आणि वाटेतल्या सावली गावाला असेच पाय मोकळे करायला उतरले, तर बस निघून गेली. इकडे मी स्टँडवर उभा. बस आली, बसमधून त्यांची पिशवी आली, पिशवीतून ताईने धाडलेली लोणच्याची बरणी आली, भाटवे काही आले नाहीत. ते आले तास-दीड तासाने, धानाची पोती भरलेल्या एका ट्रॅक्टरवर, पोत्यांच्या वर उभे राहून. "बस लय थांबून राह्यते साळेबुवा," खाली उडी मारत ते म्हणाले, "हा गरीब हळू जाते, पण जात तरी राह्यते." मी स्वतः सरकारी कचेरीतला माणूस. माझी खुर्ची आणि मी वीस-बावीस वर्षांत एकमेकांना कधी अंतर दिलेले नाही. देवाने सोयरिकी जुळवताना काय विचार केला असेल, कोण जाणे.

असा माणूस फोटोग्राफर झाला हीच मुळात गंमत. फोटो काढायचा म्हणजे समोरच्याला म्हणायचे की हलू नका. भाटवे म्हणतात, हला. पासपोर्ट फोटोला कोणी स्टुलावर ताठ बसला की त्यांचा जीव कासावीस होतो. "असे मेल्यावानी काऊन बसले? मान हलवा जराशी. उठल्यासारखं करा," असे सांगत सांगत ते नेमके त्या क्षणी बटण दाबतात. मूल तालुक्यातल्या निम्म्या लोकांचे कागदावरचे फोटो पाहा, माणूस खुर्चीवरून उठून कुठेतरी निघाल्यासारखा दिसतो. लग्नात तर त्यांची आणि भटजींची कायमची तेढ. भटजींना मंत्र नीट म्हणायचे असतात, भाटव्यांना सप्तपदी धावती पाहिजे असते. होमाभोवती नवरा-नवरी फिरायला लागले की हे उलटे चालत त्यांच्या पुढे, एका हातात कॅमेरा, दुसरा हात हवेत, आणि तोंडाने सारखे चालू, "चाल बाई, चाल, थांबू नको, मी आहो मागं." असतात पुढे, म्हणतात मागे. राजोलीच्या एका लग्नात असे उलटे चालता चालता ते थेट वरातीच्या बँडवाल्यात जाऊन बसले, मोठ्या ढोलावर. पण फोटो बघाल तर त्या नवरीच्या पदराची गाठ हवेत उडालेली आणि ती खळखळून हसलेली. मांडवात तसे हसायची रीत नाही आमच्याकडे. त्या घरच्यांनी तोच फोटो मोठा करून लावला.

आता चंद्रपूर जिल्ह्यात कॅमेरा बाळगणारा माणूस वाघाचा फोटो काढत नाही असे होत नाही. इथे पानठेल्यावाल्याच्या मोबाइलमध्येसुद्धा एक वाघ असतोच. आमचे भाटवे तेवढे याला अपवाद. मोहर्लीला त्यांचा एक मित्र पर्यटकांच्या जिप्सी चालवतो. त्याने आग्रहाने एकदा यांना जंगलात नेले आणि नशीब असे की पाणवठ्यात चक्क वाघ बसलेला. बाकीच्यांचे श्वास अडकले. भाटव्यांनी पाच मिनिटे पाहिले, दहा मिनिटे पाहिले, आणि मग गाइडला विचारले, "याले उठवता येत नाई का जरासं?" वाघ तासभर पाण्यात डुंबत राहिला आणि भाटवे जिप्सीत तासभर उठबस करत राहिले. परत आले तेव्हा कार्डात वाघाचा एकही फोटो नव्हता. होत्या त्या सगळ्या जिप्सी, वाघ दिसल्याची बातमी ऐकून धुरळा उडवत एकमेकींना कापत निघालेल्या, आत टोप्या धरून बसलेली माणसे. खरे सांगतो, फोटो अप्रतिम होते. "वाघ काई धावला नाई," ते म्हणाले, "पण वाघ पाहणारे काय धावते बावा." तेव्हापासून वाघाला ते आळशी जनावर म्हणतात आणि त्याचे नाव काढू देत नाहीत.

त्यांचा खरा जीव होता शंकरपटात. बैलांच्या शर्यतीला आमच्या झाडीपट्टीत पट म्हणतात, आणि भाटव्यांच्या वडलांकडे पटाची जोडी होती, हिऱ्या आणि पाखऱ्या. कॅमेरा हातात आल्यापासून हिवाळ्यातला एक पट यांनी सोडलेला नाही. धुरकरी जोडी हाकत येतो, बैलांचे पाय जमिनीवर आहेत की नाहीत तेही कळत नाही, आणि हे शेवटच्या रेघेशी पालथे पडलेले. लोक ओरडतात, "फोटोवाले, मरता का?" यांना ऐकू येत नाही. पण कितीही चांगला क्षण आला तरी यांचा एक नियम. फोटोत जोडी पाहिजे. एकच बैल आला तर बटण दाबायचे नाही. कारण असे की हे लहान असताना गावात फिरता फोटोवाला आला होता. त्याने हिऱ्याचा फोटो काढला, पाखऱ्या नेमका मान वळवून चौकटीच्या बाहेर गेला. त्याच महिन्यात पाखऱ्याला पान लागले, म्हणजे साप चावला, आणि तो गेला. वडलांनी तो हिऱ्याचा एकट्याचा फोटो घरात टांगला आणि पोराला सांगितले की एकट्याचा फोटो मागे राहिलेल्याचा असतो. तो दुसरा गेल्यावरच काढायचा, आधी नाही. मी विज्ञान शिकलेला माणूस, मी वाद घातला. म्हणालो, भाऊजी, पासपोर्टचे फोटो एकट्याचेच काढता की तुम्ही. ते म्हणाले, "ते सरकारसाठी. सरकारले काय नजर लागते?" यावर मी, सरकारी माणूस, गप्प बसलो.

पट हिवाळ्यात. उरलेले आठ महिने हाताला मुंग्या येतात त्याचे काय? ही अडचण सोडवली त्यांच्या मुलीने. गुड्डी माझी एकुलती एक भाची, चंद्रपूरला इंजिनियरिंगला. तिच्या कॉलेजच्या पोरांनी गो-कार्ट बनवली आणि वजनाला सगळ्यात हलकी म्हणून चालवायला गुड्डीला बसवले. गो-कार्ट म्हणजे काय हे मला तोवर माहीत नव्हते. चार इवली चाके, लोखंडी पाइपांचा सांगाडा, मागे मोटरसायकलचे इंजिन, वर टप नाही की बाजूला दार नाही. पाय तोडलेल्या बाजेवर बसून माणूस सुसाट निघाला आहे असे ते दिसते. गडचांदूरच्या अलीकडे एका हौशी माणसाने रिकाम्या जागेवर डांबरी वळणांचा ट्रॅक बांधला आहे, कडेने लाल-पांढरे रंगवलेले जुने टायर रचले आहेत. तिथे कॉलेजा-कॉलेजांच्या शर्यती होतात. आसपास चुनखडीच्या खाणी, त्यामुळे दुपारपर्यंत धुळीने सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. भाटवे पहिल्यांदा गेले ते मुलगी पडेल या भीतीने, आणि परत आले ते वेड लागून. पहिल्याच दिवशी मात्र फजिती झाली. गाड्या सुटल्या, एक फेरी मारून रेघेवर आल्या, भाटव्यांनी पटासारखा पालथे पडून फोटो काढला, उठून कपडे झटकले, कॅमेरा पिशवीत घातला आणि शेजारच्याला म्हणाले, "झाला पट. चांगला झाला." तेवढ्यात गाड्या पुन्हा समोरून गेल्या. "हे परत काऊन आले?" त्यांनी विचारले. त्यांना सांगण्यात आले की अशा बारा फेऱ्या असतात. त्यांना जो आनंद झाला म्हणतात, तसा त्यांच्या लग्नातसुद्धा झाला नव्हता. लग्नात मी हजर होतो, त्यामुळे मला हे पटते.

मग माझ्या रविवारांचे वाटोळे सुरू झाले. गाडी माझी, कारण गाडी चालवायला एका जागी बसावे लागते. मूलहून त्यांना घ्यायचे, चंद्रपूरवरून गडचांदूरकडे जायचे, आणि वाटेत दर तर्री-पोह्याच्या टपरीपाशी ते उतरणार. धावत्या गाडीबरोबर कॅमेरा त्याच वेगाने फिरवत नेला की गाडी स्वच्छ येते आणि मागचे सगळे पुसले जाते, हे त्यांना पटातच उमगले होते. पण वळणावर ते जमेना, म्हणून सराव सुरू झाला. आधी गल्लीतल्या कुत्र्यांवर, मग एसटीवर, आणि एके दिवशी माझ्यावर. कचेरीची बॅग खांद्याला असताना मला मूलच्या भर रस्त्यावरून चार वेळा धावायला लावले. पाचव्या वेळी माझे एक वरिष्ठ समोरून आले, तेव्हा मी संप पुकारला. ट्रॅकवर तर त्यांनी कहर केला. डोक्याला दुपट्टा गुंडाळून ते टायरांच्या आत शिरत आणि वळणावर पोटावर झोपत. एकदा तिथल्या माणसाने लाल झेंडा फडकावून सगळी शर्यत थांबवली. भाटव्यांनी झेंड्याचा झकास फोटो काढला आणि त्याच माणसाला विचारले, "थांबवली काऊन बावा?" तो म्हणाला, "काका, तुमच्यासाठीच." आणि नियम तोच. दोन गाड्या अगदी बरोबरीने आल्या तरच बटण. त्यामुळे झाले असे की या कॉलेजचा आणि त्या कॉलेजचा असे दोन पोट्टे एका फोटोत खांद्याला खांदा लावून यायचे. धडक दिली म्हणून एकदा दोघे हातघाईवर आले होते. पुढच्या रविवारी भाटव्यांनी दोघांना एकाच फोटोची एकेक प्रत दिली. दोघांनी ती पाहिली आणि चहा प्यायला बरोबर गेले. ट्रॅकवर सगळी पोरे त्यांना जोडीवाले काका म्हणायला लागली.

फक्त एकाच गाडीचा फोटो त्यांच्याकडे नव्हता. ती त्यांच्या मुलीची.

कारण गुड्डीच्या शेजारी कोणी टिकतच नसे. बापाचाच स्वभाव उतरलेला. एक तर ती पहिल्या फेरीतच सुटून अर्धा ट्रॅक पुढे जायची, नाहीतर एखाद्या वळणावर फिरून टायरात घुसायची आणि मग सगळ्यांच्या मागे राहायची. पुढे असो की मागे, एकटीच. चार वर्षे भाटव्यांनी हजारो फोटो काढले, त्यांत गुड्डी कुठे आहे म्हणाल तर सुरुवातीच्या रांगेत, कोणाच्या तरी पाठीमागे, हेल्मेटचा वरचा भाग तेवढा. "बाबा, माझ्या फोटोत मी कमी आणि दुसऱ्याचं चाकच जास्त," ती म्हणायची. आधी हसून म्हणायची. मग शेवटचे वर्ष आले, चाकणला गाड्यांच्या कारखान्यात तिला नोकरी लागली, आणि तिने हसणे सोडून सरळ मागितले. "मले एकटीचा एक फोटो पाहिजे बाबा. गाडीत बसलेली. तिकडे गेल्यावर पुन्हा कुठी गाडी मिळते मले." भाटवे स्टुडिओभर फिरत राहिले. बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या, काढल्या, परत लावल्या. शेवटी म्हणाले, "पाहू. कोणी बरोबरीनं आलं तर काढतो." गुड्डीने माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले.

मी छताकडे पाहिले, कारण त्या छताच्या खाली समोरच्या भिंतीवर ताईचा फोटो आहे. ताई जाऊन आता सहा वर्षे झाली. आजारपण लांबले आणि ती गेली. तेराव्याला हार घालायला फोटो लागतो, आणि मूलच्या सगळ्यात मोठ्या फोटोवाल्याच्या घरात त्याच्या बायकोचा एकटीचा एकही फोटो निघाला नाही. उभ्या संसारात यांनी तो कधी काढलाच नव्हता, नियमाने. शेवटी दोघांच्या एका फोटोतून तिला कापून वेगळी काढावी लागली. तो फोटो त्यांनी स्वतः कापला, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही, आणि कापताना स्वतःला पुरते बाहेर काढले नाही. ताईच्या फोटोच्या उजव्या कडेला आजही एक पांढरा खांदा आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो पडदा वाटतो. मला माहीत आहे तो कोणाचा आहे. हा माणूस आपल्या मुलीचा एकटीचा फोटो का काढत नव्हता, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या घरात आता दोघेच उरले होते.

शेवटच्या शर्यतीच्या रविवारी मला रजा मागायची सोय नव्हती, रविवार असल्यामुळे. मंगळवारी गुड्डी जाणार होती. भाटवे त्या दिवशी इतके अस्वस्थ होते की भद्रावतीला जाणाऱ्या एका अनोळखी माणसाच्या मोटरसायकलला त्यांनी टपरीवर उगाच किक मारून दिली. ट्रॅकवर पोचल्यावर ते नेहमीच्या वळणावर पालथे पडले. मी मागे टायरावर बसलो. गाड्या सुटल्या आणि पहिल्याच फेरीत गुड्डी पुढे आली, नेहमीसारखी, एकटी. पिवळे हेल्मेट, खालच्या बाजूला वेणीचे टोक उडणारे. भाटव्यांनी कॅमेरा उचलला. तिच्याबरोबर तो फिरवत नेला, अगदी शेवटपर्यंत नेला, आणि खाली ठेवला. बटणाचा आवाज आला नाही. दुसऱ्या फेरीला तेच. तिसऱ्या फेरीला मी मागून म्हणालो, "भाऊजी, दाबा नं." ते म्हणाले, "एकटी आहे." चौथ्या फेरीला माझे टाळके फिरले. म्हणालो, "अहो, तुमच्या त्या बैलापायी पोरीला रडवता का? साप पाखऱ्याले चावला, फोटोवाला नाई चावला." असे मी त्यांना आयुष्यात बोललो नव्हतो. त्यांनी फुंकर मारून भिंगावरची धूळ उडवली आणि पुन्हा कॅमेरा उचलला. बारा फेऱ्या झाल्या. गुड्डी जिंकली. गाडीतून उतरून हेल्मेट काखेत घेऊन ती थेट बापाकडे आली. "आला?" तिने विचारले. "नाई," भाटवे म्हणाले. "बरं," ती म्हणाली आणि जाऊन टायरावर बसली, आमच्याकडे पाठ करून. भांडली असती तर बरे झाले असते.

भाटवे टायरांच्या ढिगाला फेऱ्या मारू लागले. मी मोजल्या नाहीत, पण धुळीत वाट पडली. मग एकदम वळून ते तिकीट खिडकीकडे गेले. शर्यती संपल्या की तिथे पैसे भरून कोणालाही दोन-चार फेऱ्या मारता येतात, त्यासाठी भाड्याच्या गाड्या असतात. परत आले ते हातात कागद घेऊन. "साळेबुवा, सही करा. नातेवाईक म्हणून." मी नात्यापुढे 'साळा' असे लिहिले आणि मग माझ्या लक्षात आले की कागदावर चालवणाऱ्याचे नाव यांचे आहे. या माणसाने आयुष्यात लुनापलीकडे काही चालवलेले नाही. "तिच्या बरोबरीनं कोणी टिकत नाई नं," ते म्हणाले, "मी टिकतो. जोडी होते. तुम्ही दाबा." आणि त्यांनी कॅमेऱ्याचा पट्टा माझ्या गळ्यात अडकवला. तीस वर्षांत त्या पट्ट्यात दुसरी मान गेली नव्हती. चप्पल चालत नाही म्हटल्यावर माझे कचेरीचे बूट काढून घेतले. दुपट्टा सोडायला तयार नव्हते, म्हणून हेल्मेट दुपट्ट्यावरूनच ठोकून बसवावे लागले. गुडघे हनुवटीला लागत होते. गुड्डी आधी पाहतच राहिली, मग तिने तोंडावर हात ठेवला आणि मग पळत जाऊन स्वतःच्या गाडीत बसली. "बटण एकदा दाबलं का सोडू नका, फोटो निघत राह्यते," आतून भाटव्यांचा आवाज आला, "अन् मान फिरवत राहा. दोघं बरोबरीनं आलो का दाबा."

गाड्या सुटल्या आणि मी एक नवीनच माणूस पाहिला. जन्मभर जो क्षणभर थांबला नाही तो स्टीअरिंग हातात आल्यावर बैलबंडीच्या चालीने निघाला. दोन्ही हात घट्ट, नजर समोर, वळण दिसले की ब्रेक. त्या ट्रॅकवर इतक्या सावधपणे पूर्वी कोणी गाडी चालवली नसेल. गुड्डी एका क्षणात वळणापलीकडे गेली, मागे पाहिले, बाप दिसेना, म्हणून हळू झाली. हळू होत होत ती जवळजवळ थांबली. मी मोजे घातलेल्या पायांनी तापलेल्या डांबराच्या कडेला नाचत उभा होतो, कॅमेरा डोळ्याला लावून. भाटवे आले. जवळ आले. आणखी दोन हात पुढे आले असते की जोडी झाली असती. गुड्डी मान वळवून त्यांच्यासाठी थांबली होती. आणि मी डोळ्यांनी पाहिले, त्यांनी ब्रेक दाबला. एक हात स्टीअरिंगवरून सुटला, हवेत वर गेला, आणि त्या इंजिनांच्या आवाजातही मला ऐकू आले, कारण ते वाक्य मी शेकडो मांडवांत ऐकले होते. "चाल बाई, चाल. थांबू नको. मी आहो मागं." गुड्डीने एकदा पाहिले आणि गाडी सुसाट सोडली. मी बटण दाबले होते ते तसेच दाबून ठेवले होते. डोळ्यांत धूळ गेली होती, काही दिसत नव्हते, पण दाबून ठेवले.

गाडीतून उतरल्यावर ते हेल्मेटसकट माझ्याकडे आले. मनातून मी टरकलो होतो. आम्ही तिघांनी डोके जुळवून कॅमेऱ्याच्या मागे पाहिले. माझा अंगठा. कुंपण. आकाश. तिकीटवाल्याचे पोट. पुन्हा अंगठा. मग एक फोटो आला, त्यात गुड्डी होती, पूर्ण, स्वच्छ, मागचे सगळे पुसलेले, पिवळे हेल्मेट आणि वेणीचे उडते टोक. एकटी. तो कसा आला हे देवालाच ठाऊक. त्याच्यानंतर शेवटी आणखी एक, त्यात भाटवे होते, गुडघे वर, दुपट्ट्यावर हेल्मेट, एक हात हवेत. तेही एकटेच. दोघे एका चौकटीत आलेला एकही फोटो नव्हता. मी म्हणालो, "भाऊजी, दोष माझ्यावर. काढला मी आहे." ते नुसते उभे होते. मी घाबरून त्यांच्या पायांकडे पाहिले, माझ्या बुटांतले ते पाय अजिबात हलत नव्हते. गुड्डीने डोळे पुसले आणि बापाच्या फोटोवर बोट ठेवले. "मले हा पाहिजे. माझा तुम्ही ठेवा."

मंगळवारी ती गेली. तिच्या चाकणच्या खोलीत आता हात वर केलेला एक हेल्मेटवाला म्हातारा भिंतीवर आहे, आणि तिच्या मैत्रिणींना तो फार आवडतो असे तिने कळवले आहे. भाटवे अजून उभ्याने जेवतात, अजून सावलीला उतरतात, रविवार आला की "साळेबुवा, निघा" म्हणून फोन करतात. माझे बूट त्यांनी परत केले नाहीत आणि मी मागितले नाहीत. परवा मी स्टुडिओत बसलो असताना पासपोर्ट फोटोला एक बाई आल्या. समोरच्या भिंतीवर ताईच्या फोटोशेजारी आता गुड्डीचा फोटो लावलेला आहे. ताईच्या फोटोत भाटव्यांचा खांदा तरी आहे, गुड्डीच्या फोटोत तेवढाही नाही. बाईंनी सहज विचारले, "भाऊ, ही पोरगी एकटीच काऊन?" भाटवे दिव्याची वायर ओढता ओढता थांबले.

"एकटी नाई बाई," ते म्हणाले. "मागं मी आहो. फोटोत आलो नाई, पण आहो."